गुरुवारचा खड्डा

आमच्या निवृत्त कामगार मंडळाचा छोटासा दिवाळी अंक निघतो. गणपती उठले की संपादकांचा फोन येतो, "देशमाने, यंदा तरी तुमच्या वेबसाइटच्या धंद्यावर लिहा. पन्नाशीनंतर नवा धंदा शिकलेला आपल्यात दुसरा कोण आहे?" मी हो म्हणतो आणि दुसरंच काहीतरी लिहून देतो. एका वर्षी जुन्या कंपनीच्या कँटीनवर लिहिलं, एका वर्षी व्हीआरएसच्या दिवसांवर, एकदा तर भोसरीत खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणींवर. लोकांनी वाचून फोन केले. पण वेबसाइटच्या कामावर लिहायला बसलं की सुजाता गायकवाड त्यात येणार, हे मला माहीत होतं. तिला वगळून लिहिता येतं का, तेही एकदा करून पाहिलं. चार पानं झाली होती. मग लक्षात आलं की माणूस वगळून रिपोर्ट तयार करायचा, हे आपण आधी एकदा केलेलंच आहे. ती पानं फाडली.

आता बहात्तर पूर्ण झाली. डाव्या डोळ्याने कमी दिसतं. ज्यांच्यासमोर नाव खराब होईल म्हणून घाबरत होतो, त्यातले अर्धे आता मला ओळखत नाहीत. तेव्हा लिहितो.

नोकरीत मी गेज तपासायचो. गेज म्हणजे कारखान्यातलं मोजायचं साधन. भोकात त्याचं एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, इतका सरळ हिशेब. त्यावर ऑपरेटर दिवसभर जॉब, म्हणजे मशिनवर घडलेला नग, पास-नापास करत राहतो. पण हजारो भोकांत जाऊन गेजही झिजतं. म्हणून ठरलेल्या दिवशी ते कायम एकाच तापमानाला ठेवलेल्या थंड खोलीत आणून मास्टरशी, म्हणजे मूळ प्रमाण मापाशी, ताडून बघायचं. त्या खोलीला स्टँडर्ड रूम म्हणत आणि तिथे आम्ही दोघंच होतो, मी आणि गायकवाड. गायकवाड माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, शिक्षणाने कमी, हाताने आणि डोक्याने पुढे. लाइनवर लागोपाठ जॉब नापास व्हायला लागले की सुपरवायझर ऑपरेटरला पुढे घालून शिव्या देत यायचा. गायकवाड चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "साहेब, माणूस कुठं पळत नाही. आधी गेज द्या इकडं." पुष्कळदा गेजच झिजलेलं निघायचं. ऑपरेटर परत लाइनवर जायचा आणि दुसऱ्या दिवशी गायकवाडांच्या टेबलावर पेरू नाहीतर शेंगा असायच्या.

हे वाक्य मी वीस वर्षं रोज ऐकलं. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना ते लक्षात ठेवा.

कंपनीने व्हीआरएस दिली तेव्हा मी चोपन्नचा होतो. चिंचवडला एका क्लासमध्ये कॉलेजच्या मुलांबरोबर बसून कम्प्युटर शिकलो. त्या दिवसांत भोसरी, तळवडे, चाकण, सगळीकडच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना वेबसाइट हवी होती. बनवून देणारे गल्लोगल्ली होते. पण बनवल्यावर तिच्यावर कोण येतं, किती जण येतात, काय बघून परत जातात, हे मोजून देणारा कुणी नव्हता. मला मोजणं येत होतं.

काम असं. वेबसाइट म्हणजे दुकान समजा. दुकानाच्या दारात एक माणूस बसवायचा, जो आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करतो: कोणत्या गावाहून आला, कोणत्या रस्त्याने आला, किती वेळ थांबला, काही विचारून गेला का. नाव तो विचारत नाही. हा माणूस म्हणजे कोडच्या पाच-सात ओळी. त्या वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या वरच्या भागात चिकटवायच्या, की बसला दारात. एखाद्या पानावर चिकटवायला विसरलात तर त्या दाराने येणारा मोजला जात नाही. एकाच पानावर दोनदा चिकटवल्या तर एकाच माणसाची दोन माणसं होतात. धंद्यातल्या निम्म्या तक्रारी या दोनच कारणांनी येत. बाकीच्या तक्रारी शेठ लोकांच्या स्वभावाच्या असत.

भोसरीला स्प्रिंगा करणारे एक शेठ होते. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना झेंडू वाहून झाले आणि त्यांनी मला फोन लावला. "देशमाने, वेबसाइटला हळदकुंकू कुठं लावायचं?" मी म्हटलं, कम्प्युटरला लावा. ते म्हणाले, "कम्प्युटर तर टायपिंगचा आहे. वेबसाइट नेमकी असते कुठं?" मी खरं ते सांगितलं, की ती ज्या सर्व्हरवर आहे तो सिंगापूरला आहे. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे कुठली दिशा?" मी आग्नेय सांगितली. नंतर कळलं की त्यांनी शेडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरला दुसऱ्यांदा झेंडू वाहिले.

तळवड्याला रबरी पार्ट करणारे एक होते. एका सकाळी त्यांच्या वेबसाइटवर तीस-चाळीस चौकश्या आल्याचं रिपोर्टात दिसलं आणि त्यांनी पेढे मागवले. चौकशी मोजायची पद्धत अशी की गिऱ्हाईक फॉर्म भरून पाठवतं, मग त्याला 'आभारी आहोत' असं पान दिसतं. ते पान जितक्यांदा उघडेल तितक्या चौकश्या धरायच्या. मी जाऊन पाहिलं तर त्या पानावरचा गणपतीचा फोटो शेठना आवडला होता, म्हणून त्यांनी ते पान ऑफिसातल्या टीव्हीवर लावून ठेवलं होतं आणि टीव्ही दर पाच मिनिटांनी ते नव्याने उघडत होता. मी आकडा शून्यावर आणला. शेठनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "बरं, पेढा तर घ्या. आणलाय तर."

अशा गोष्टींमुळे माझं नाव झालं. 'मोजमापवाले देशमाने'. कुणाचे आकडे पटेनासे झाले की म्हणत, देशमान्यांना दाखवा. मला ते आवडायचं. साठी उलटल्यावर आपल्यावाचून कुणाचं अडतंय, ही नशा वाईट असते.

चाकणला नानाशेठ होते. मूळ तिथलेच. शेतजमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तेव्हा एक प्लॉट राखून त्यांनी त्यावर शेड टाकली. कारखान्यांत माल इकडून तिकडे न्यायच्या लोखंडी ट्रॉल्या आणि रॅक ते करत. माल चांगला. माणूस तोंडाने फटकळ, पण कामगाराचं लग्न असलं तर स्वतः पंगतीला वाढायला उभा राहणारा. त्यांना वेबसाइट सांभाळायला आणि गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवा होता. मी सुजाताचं नाव सुचवलं.

सुजाता गायकवाडांची थोरली मुलगी. तेव्हा पस्तिशीची. माणच्या बाजूला एका आयटी कंपनीत आठ वर्षं काम करून, कंपनीने टीम बंद केल्यावर घरी बसलेली. गायकवाडांची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. धाकटा भाऊ शिकत होता. घर तिच्यावर होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने नानाशेठशी वाद घातला. मी तिथे होतो.

नानाशेठ म्हणाले, "जाहिरात दिल्लीला दाव, गुजरातला दाव. शेजारच्याला कशाला वेबसाइट? त्याला बोलवून चहा पाजीन की मी."

ती म्हणाली, "आजवर किती जणांना पाजलाय, शेठ? आपल्या मागच्या गल्लीतल्या पावडर कोटिंगवाल्याच्या ट्रॉल्या नगरहून येतात. मी काल जाऊन विचारलं. त्याला तुमचं नाव माहीत नाही."

"मागच्या गल्लीतला?"

"व्हय," ती त्यांच्याच सुरात म्हणाली.

नानाशेठ हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, पोरगी हाय का वकील?" आणि तिला मोकळीक दिली. तिने जाहिरात फक्त वसाहतीपुरती लावली, आठ-दहा किलोमीटरच्या आत. जाहिरात बघून कुणी क्लिक केलं की तो वेबसाइटवर पोचायचा. शिवाय एक साधी वही तिने टेबलावर ठेवली. फोन आला की ती विचारायची, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि ते उत्तर नावासमोर लिहायची.

पहिले सहा आठवडे रिपोर्ट चढता होता. तो चढता आहे म्हणूनच नानाशेठना शंका आली. त्यांना स्वतःला दिवसातून दहादा आपली वेबसाइट उघडून बघायची सवय होती. पाहुणा आला की दाखव, ट्रकवाला आला की दाखव. ऑफिसातली माणसंही उघडायची. नानाशेठ म्हणाले, "ही सगळी आमीच हाय का काय? आमालाच मोजून आमालाच दावताय व्हय, साहेब?"

शंका रास्त होती. त्यावर उपायही होता. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक ऑफिसला बाहेर एक पत्ता असतो, आकड्यांचा. मोजणाऱ्याला सांगून ठेवायचं, की या पत्त्यावरून जो येईल तो घरचा, त्याला मोजू नकोस. याला आम्ही फिल्टर म्हणतो. मी नानाशेठच्या कम्प्युटरवर बसलो, बाहेरचा पत्ता पाहिला, फिल्टरमध्ये टाकला. दहा मिनिटांचं काम. मागवलेला चहा येण्याआधी झालं. पत्ता नेमका कुणाचा आहे, एवढी एक गोष्ट विचारायची राहिली.

पुढच्या महिन्याचा रिपोर्ट पार खाली आला. त्याच्या पुढचा त्याहून खाली. नानाशेठनी मला आणि सुजाताला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक माझा, वेबसाइटवर आलेल्यांचा. दुसरा जाहिरातवाल्या कंपनीचा, जाहिरातीवर क्लिक केलेल्यांचा. दुसऱ्यावर क्लिक भरपूर होते. माझ्या कागदावर माणसं नव्हती.

"क्लिक केलेली मान्सं गेली कुठं?" नानाशेठनी विचारलं.

सुजाताने वही पुढे केली. "शेठ, फोन येतायत. ही नावं बघा. ही माणसं स्वतः म्हणाली, वेबसाइट बघितली."

"ह्यातली निम्मी माझ्या ओळखीची हायती. ती तसं बी आली असती." वही त्यांनी उघडली नाही. माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी सांगा. क्लिक होतंय आन् मानूस दिसत न्हाई. आसं कवा होतं?"

इथे मी गायकवाडांचं वाक्य म्हणायला हवं होतं. आधी गेज द्या इकडं. त्याऐवजी मी हुशारी केली. डोक्यात हिशेब जुळवला: वेबसाइटवर येऊनही मोजला जात नाही असा माणूस एकच, ज्याला आपण फिल्टरने वगळलंय तो. वगळलंय फक्त या ऑफिसला. म्हणजे क्लिक या ऑफिसातून होतायत. हिशेब मला इतका सुबक वाटला की तो बोलून दाखवायचा मोह आवरला नाही.

मी म्हणालो, "आतूनच कुणीतरी क्लिक करत असावं."

मी सुजाताचं नाव घेतलं नाही, ही गोष्ट मी स्वतःला पुढे शेकडो वेळा सांगितली. पण जाहिरात चालली असं दाखवण्याची गरज त्या ऑफिसात कुणाला होती? ट्रॉलीला वेल्डिंग करणाऱ्याला?

सुजाता माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, मोजण्यात काही चूक नसेल ना?"

"मोजणं बरोबर आहे," मी म्हणालो.

नानाशेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर ती भांडली असती. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी तुला घरच्यासारखी वागवली. पायजे ते मागायचं हुतं. पर आसं न्हाई करायचं." तिने "मी केलेलं नाही" एवढंच म्हटलं. महिनाअखेरपर्यंत येत जा, असं सांगून त्यांनी तिला बाहेर पाठवलं. मला चहा दिला. मी तो प्यायलो.

महिनाअखेरीला अजून आठ दिवस होते. नानाशेठचा भाचा तिच्या जागी येणार होता. त्याला समजावं म्हणून मी घरी बसून गेल्या काही महिन्यांचा दिवसवार आलेख काढत होतो. तेव्हा ते दिसलं.

इथल्या वसाहतींची सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. रविवारी इथे मशिनी चालू असतात, गुरुवारी शेडला कुलूप. लग्नाच्या बोलण्यांपासून दाढी-कटिंगपर्यंत सगळं गुरुवारी. त्यामुळे वर्कशॉपच्या वेबसाइटचा आलेख दर गुरुवारी खाली जातो. खड्डा पडतो. मी इतक्या वेबसाइटींचे आलेख पाहिले होते की मला त्या खड्ड्यावरून आठवडा मोजता येई.

नानाशेठच्या आलेखात पहिले सहा आठवडे गुरुवारचे खड्डे होते. फिल्टर टाकला त्या दिवसापासून ते नव्हते. त्यानंतरचा खड्डा रविवारी पडत होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एका ऑफिसातली चार माणसं वगळली तर आठवड्याचा आकार बदलत नाही. रविवारी सुट्टी घेणारे तेवढे मोजले जात होते, म्हणजे पुण्यातले, मुंबईतले, बाहेरगावचे. गुरुवारी सुट्टी घेणारी माणसं आलेखातून नाहीशी झाली होती. म्हणजे मी ऑफिस वगळलं नव्हतं. वसाहत वगळली होती.

नानाशेठकडे ज्या केबलवाल्याचं इंटरनेट होतं, त्याला मी फोन केला. विचारलं, तुमच्या गिऱ्हाइकांना बाहेरचा पत्ता प्रत्येकाला वेगळा असतो का?

"नाही हो, काका," तो म्हणाला. "सगळे एकाच पत्त्यावरून बाहेर पडतात. अख्ख्या वसाहतीला एक. वेगळा पाहिजे तर मिळतो, पण घेतंय कोण?"

पावडर कोटिंगवाला त्याच केबलवर होता. समोरचा शीट मेटलवाला, कोपऱ्यावरचा गिअरवाला, सुजाताच्या वहीतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच केबलवर होता. तिने जी माणसं शोधून दारापर्यंत आणली, नेमकी तीच दारातल्या माझ्या माणसाने मोजायची नाकारली. जाहिरातवाले मोजत होते, कारण त्यांना माझ्या फिल्टरशी देणंघेणं नव्हतं. तिची वही बरोबर होती. माझं गेज झिजलेलं होतं.

आठ दिवस हातात होते. पुण्याहून आलेल्या एखाद्या मुलाने अशी चूक केली असती तर मी नानाशेठना त्याच मिनिटाला फोन लावला असता. मी फोन उचललाही. मग आठवलं की वसाहतीच्या कारखानदारांच्या संघटनेत नानाशेठ माझं नाव घेणार होते, सगळ्या सभासदांच्या वेबसाइट मी बघाव्यात म्हणून. हेही आठवलं की हाच फिल्टर मी अजून तीन ठिकाणी टाकलाय. लोक म्हणतील, म्हातारा झाला, मोजायचं विसरला. मी फोन ठेवला. चारही ठिकाणचे फिल्टर काढून टाकले. रिपोर्टात एक ओळ लिहिली, 'मोजणीच्या रचनेत सुधारणा केली आहे.' तीस वर्षं मापात चूक झाली की माप, तारीख आणि स्वतःची सही लिहिणारा माणूस मी. ती ओळ लिहिताना हात थांबला नाही.

फिल्टरची एक वाईट गोष्ट आहे. ज्याला वगळलं त्याची नोंद बाजूला कुठेतरी राहते आणि पुढे परत मिळवता येते, असं नसतं. ती नोंद होतच नाही. त्या दोन-अडीच महिन्यांत वेबसाइटवर आलेल्या माणसांचा पुरावा जगात कुठेही नव्हता. एक सुजाताची वही होती आणि एक मी.

मी सांगेन, असं रोज ठरवत होतो. शुक्रवारी ठरवलं, रविवारी ठरवलं. महिना संपला. ती गेली. जाताना वही नानाशेठच्या टेबलावर ठेवून गेली.

पुढच्या महिन्यात रिपोर्ट चढला. भाच्याने काहीही केलं नव्हतं. तिची जाहिरात त्याने बंद करायची होती, तेवढंही त्याच्याकडून राहून गेलं होतं. नानाशेठनी मला बोलावून आलेख दाखवला. "बगा साहेब. घरचा मानूस तो घरचा मानूस." गुरुवारचे खड्डे जागच्या जागी होते. मी मान हलवली. संघटनेचं काम मला मिळालं. चार वर्षं केलं. सत्कारही झाला. शाल अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

गायकवाडांना भेटायला मी एकदाच गेलो. डायलिसिसचा दिवस होता. ते पलंगावर, नळ्या लावलेले. बरंच इकडचं तिकडचं बोललो. कंपनीच्या जागेवर आता घरांचे मनोरे उभे राहतायत, असं मी सांगितलं. ते म्हणाले, स्टँडर्ड रूमच्या जागी स्विमिंग टँक येणार असेल, पाणी तरी ठरल्या तापमानाला ठेवतील. मी हसलो. मग ते म्हणाले, "देशमाने, एक विचारू? पोरीचं काय चुकलं तिथं? ती म्हणते मी केलं नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे. पण मोजणारे तुम्ही होता. तुमच्यावर पण विश्वास आहे."

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, गायकवाड. मशीनचं काही सांगता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वीस वर्षं एका टेबलावर काम केलेल्या माणसाला, समोरचा कोणत्या दशांशाला खोटं बोलतोय ते कळतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. डोळे मिटून पडून राहिले. त्यानंतर पाच महिन्यांनी गेले. अंत्यविधीला मी मागे उभा होतो. सुजाताने मला पाहून मान झुकवली.

गेल्या वर्षी कळलं की ती पिंपळे सौदागरला एका मोठ्या हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसात काम करते. मेंटेनन्सच्या पावत्या, पाण्याचे टँकर, लिफ्टच्या तक्रारी. मी दोन आलेख छापून घेतले, फिल्टर असतानाचा आणि काढल्यानंतरचा. दोन्हींवर गुरुवारांना लाल पेनाने गोल केले. ते पाकिटात घातले आणि गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं. एकच वाक्य होतं. लांबवायचं नव्हतं.

गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, फोन, कुणाकडे, वेळ. शेवटचा रकाना भेटीच्या कारणाचा. मी पेन धरून उभा राहिलो. मागे कुरिअरवाला खोळंबला होता.

"काय लिहू, काका?" वॉचमनने पेन माझ्या हातातून घेत विचारलं. "पर्सनल लिहू का सहज?"

"सहज," मी म्हणालो.

सुजाता मला बघून उठून उभी राहिली. केस पिकायला लागले होते. "काका, एवढ्या उन्हात कशाला आलात? फोन करायचा." तिने पाणी दिलं, चहा सांगितला. भाऊ नोकरीला लागला, आई बरी आहे, असं सांगितलं. मी पाकीट मांडीवर धरून होतो. मी विचारलं, "ते जाहिरातीचं, वेबसाइटचं काम पुन्हा नाही धरलंस? तुला त्यात गती होती."

ती हसली. टेबलावरचा पेनस्टँड सरळ केला.

"नाही हो, काका. मला वाटायचं मला लोकांचं कळतं. कोण कशाला येतं, कुणाला काय हवंय. पण नव्हतं कळत. फोनवर विचारलं की लोक बरं वाटावं म्हणून सांगत असतील वेबसाइट बघितली, आणि मी आपली लिहून घ्यायचे. क्लिक ऑफिसातलं कुणीतरी करत असेल, मला ते पण समजलं नाही. नंतर दोन ठिकाणी बोलावलं होतं त्या कामाला. मी नाही गेले. जे आपल्याला येत नाही ते कशाला करा?" मग चहा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तुमचा राग नाही आला हं मला कधी. बाबांना पण सांगितलं मी. तुम्ही जे दिसलं ते बोललात. खोटं बोलून मला वाचवलं असतं, तर ते बाबांना आवडलं नसतं."

नोकरी गेली हे मला माहीत होतं. नाव खराब झालं हेही माहीत होतं. तिने स्वतःच्या वहीवर अविश्वास दाखवायला सुरुवात केली, हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. पाकिटाची कडा बोटाला लागत होती. वाक्य तोंडात तयार होतं. तेवढ्यात लिफ्ट बंद पडल्याची तक्रार घेऊन एक बाई आत आल्या. सुजाता "एक मिनिट हं काका" म्हणून फोनवर लिफ्टवाल्याशी बोलायला लागली. किती मजले, आत कोण आहे, घाबरलंय का, सगळं नेमकं विचारत होती आणि समोरच्या वहीत लिहून घेत होती. अक्षर तेच होतं.

मी चहा संपवला, हाताने निघतो अशी खूण केली आणि उठलो. गेटवर वॉचमनने माझ्या नावापुढे जाण्याची वेळ लिहिली. अठरा मिनिटं. भेटीचं कारण, सहज.

हा अंक तिच्यापर्यंत पोचेल का, माहीत नाही. पाकीट शालीच्या खाली ठेवलंय. तिला सांगायचं वाक्य असं होतं: सुजाता, तुझी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बरोबर होती, मोजताना चुकलो तो मी, आणि ते मला तू नोकरीवर असतानाच कळलं होतं.